साडेचारचं हळदीकुंकू

संक्रांत झाली की आमच्या लालबागेत आठवडाभरात बॅनर बदलतात. नववर्षाच्या शुभेच्छा उतरतात आणि त्याच बांबूंवर 'भव्य हळदीकुंकू समारंभ' चढतो. खाली हात जोडलेल्या पुढाऱ्याचा फोटो, बाजूला त्याच्या पत्नीचा, आणि एका कोपऱ्यात तिळगुळाच्या चार वड्या. आमच्या नलिनीने म्हणजे माझ्या बायकोने या समारंभांतून आजवर जमवलेलं वाण स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर मांडून ठेवलंय. डबे, परात, गाळणी, एक झाकणाची बादली. प्रत्येकावर कोणाचा ना कोणाचा चेहरा चिकटवलेला होता. माझं निरीक्षण असं की डबा घासता घासता आधी पुढाऱ्याचा चेहरा जातो, मग नाव जातं, आणि पक्षाचं चिन्ह मात्र सगळ्यांत शेवटपर्यंत काठाला धरून बसतं.

यंदाही बॅनर लागले. काल संध्याकाळी भाजी घेऊन येताना नाक्यावर तिळगुळाचा वास आला, कोणीतरी हातावर अत्तर लावलं, आणि मला मागचं एक वर्ष आठवलं. महापालिकेची निवडणूक आणि हळदीकुंकू हातात हात घालून आले होते, ते वर्ष. त्या वर्षी आमच्या चाळीने सगळ्या पक्षांना एक पत्र लिहिलं. ते लिहिलं मी, आणि त्यात चूकही मीच केली.

आधी पाण्याचं सांगतो. आमच्या चाळीत पालिकेचं पाणी संध्याकाळी साडेचारला येतं आणि सहाला जातं. चावीवाला, म्हणजे रस्त्यातली चावी फिरवून पाणी सोडणारा पालिकेचा माणूस, साडेचारच्या सुमारास सायकल टेकवतो आणि मग तळमजल्यापासून चाळ जागी होते. पितळी कळशीवर पाण्याची पहिली धार पडते तेव्हाचा आवाज, ओल्या जिन्याचा वास, 'माझा नंबर होता' आणि 'मी काय झोपले होते काय' या दोन वाक्यांची जुगलबंदी. माझं लहानपण या दीड तासात गेलं. तेव्हा पाणी तिसऱ्या माळ्यापर्यंत चढायचं. तिसऱ्या माळ्याला वारा आणि पाणी दोन्ही, म्हणून तिथली मंडळी जरा तोऱ्यात असायची. तारामतीकाकू नवी नवरी म्हणून तिथे आल्या तेव्हा मी शाळेत होतो. त्यांच्या गॅलरीतून खाली पाणी उडवलं म्हणून मी त्यांच्या हातचा पहिला धपाटा खाल्ला, तोही ओल्या हाताचा.

मग आजूबाजूला गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, पाइप जुनी ती जुनीच राहिली, आणि पाणी एकेक माळा खाली उतरत गेलं. तिसऱ्या माळ्याचे नळ नुसते फुसफुसायला लागले. गच्चीवर टाकी बसवावी तर चाळीला तेवढा भार पेलणार नाही असं इंजिनिअरने लेखी दिलेलं. पंप लावावा तर शेजारच्या चाळीचं पाणी ओढलं जातं, म्हणून तो आम्ही लावायचा नाही असं ठरवलेलं. तेव्हा तिसऱ्या माळ्याने पाणी खालून वाहायचं. बहुतेक घरांत तरुण हात होते, त्यांचं भागलं. काकूंच्या घरात काकू होत्या, सत्तरीच्या, आणि काका होते, ज्यांचं जग गॅलरीतल्या खुर्चीपुरतं उरलं होतं. काकूंनी परळच्या इस्पितळात आया म्हणून जन्म घालवला, कितीतरी माणसं उचलली, पण आता गुडघे त्यांना उचलेनात.

तिसऱ्या माळ्यावरची एक सवय सांगायची राहिली. तिथे नळ कोणी बंद करत नाही. साडेचारला पाणी चढलंच चुकून, तर कळावं म्हणून नळ उघडा आणि खाली कळशी. वर्षानुवर्षं त्या नळांच्या फक्त हवेने कळशा भरल्या.

त्या वर्षी दिवाळीत काकूंचा मुलगा महेश बदलापूरहून आला आणि त्याने सांगून टाकलं, "आई, बस झालं आता. होळीपर्यंत पाण्याचं काही झालं तर ठीक, नाहीतर तुम्ही दोघं माझ्याकडे." मुलगा चांगला आहे, त्याचं चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही. पण काकू त्या दिवशी आमच्याकडे येऊन बसल्या आणि नलिनीने दिलेला चहा तसाच ठेवून म्हणाल्या, "पन्नास वर्षां या घरात काढलंय अनंता. पाण्यापायी घर सोडूचा म्हणजे काय?"

तेव्हा आम्ही मोहीम काढली. मोहीम म्हणजे काय, आमची आणि शेजारच्या दोन चाळींची माणसं, संध्याकाळी सहानंतर, पाणी भरून झाल्यावर. मागणी एवढीच, की रस्त्यातली जुनी पाइप बदलून मोठी टाका आणि पालिकेचं पाणी पालिकेनेच तिसऱ्या माळ्यापर्यंत द्या. टँकर नको, आणि मध्येच कानावर आलं होतं तसं पाणीवाटप कुठल्या ठेकेदाराकडेही नको. निवडणूक तोंडावर होती, म्हणून ही मागणी आमच्या वॉर्डातल्या तिन्ही मोठ्या पक्षांकडून लिहून घ्यायची असं ठरलं. नाक्यावरचा, गल्लीतला आणि पुलापलीकडचा, चाळीत पक्ष असे कार्यालयांवरूनच ओळखले जातात. पत्र लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. आमच्या घराण्यात तीन पिढ्या कारकून. मी स्वतः फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक टेबलावर निवृत्त झालो. पत्र कसं असावं हे मला कोणी शिकवायचं कारण नव्हतं. विषय, संदर्भ, महोदय, आपला विश्वासू, आणि सगळ्यात खाली, डाव्या बाजूला, 'प्रत माहितीसाठी'.

तिथेच घोळ झाला. नाक्यावरच्या पक्षाला पाठवलेल्या पत्राखाली मी प्रत म्हणून बाकीच्या दोघांची नावं लिहिली, आणि त्या दोघांच्या पत्रांखाली उरलेल्यांची. तीस वर्षांची सवय. प्रत कोणाकोणाला हे लिहिलं नाही तर मला पत्र अर्धवट वाटतं. कचेरीत याला पारदर्शकता म्हणतात. राजकारणात याला काय म्हणतात ते मला पुढच्या आठवड्यात कळलं.

पहिला आला सुऱ्या. सुऱ्या माझा शाळेपासूनचा मित्र आणि नाक्यावरच्या पक्षाचा जुना कार्यकर्ता. दारातूनच त्याने पत्र हलवलं.

"हे काय रे केलंस?"

"का? शुद्धलेखन चुकलंय?"

"शुद्धलेखन गेलं उडत. त्या दोघांना कशाला पाठवलंस? आमच्याकडे आमचे म्हणून आला असता, तर वरती बोलता आलं असतं. आता वरचे म्हणतात, ही माणसं नक्की कोणाची?"

"तिसऱ्या माळ्याची," मी म्हटलं.

सुऱ्या बसला, पाणी प्यायला, आणि मग त्याचा आवाज खाली आला. "माझ्या घरी तरी तिसऱ्या माळ्यावर कुठे येतंय पाणी? बायको रोज बोलते. पण मी सही मागायला गेलो तर विचारतात, आधी त्यांनी केली का? तिकडेही हेच विचारत असणार. पहिला कोण, ह्यातच अडकलंय सगळं."

तेव्हा मला सुऱ्याचा राग आला नाही, कीव आली. त्याच्या खिशावर पक्षाचा बिल्ला होता आणि खांद्याला कळशी उचलून उचलून आलेलं तेच दुखणं.

सही कोणी केली नाही, पण उत्तरं मात्र आली. पक्षांची उत्तरं कागदावर येत नाहीत, चाकांवर येतात. गल्लीतल्या पक्षाने टँकर पाठवला, त्यावर पुढाऱ्याचा फोटो. टँकरची नळी दुसऱ्या माळ्यापर्यंत पोचली आणि तिथे संपली. नाक्यावरच्या पक्षाने टेम्पो भरून निळी पिंपं वाटली. पुलापलीकडच्या पक्षाचा एक गृहस्थ सांगून गेला की नाहीतरी चाळ पडून टॉवर होणारच आहे, मग काय, पाणीच पाणी. काकूंनी गॅलरीतून टँकरकडे बघितलं आणि म्हणाल्या, "टँकर म्हणजे पावणो. पावण्याच्या भरवशार चूल पेटवतत काय?" पिंप मात्र त्यांनी ठेवून घेतलं. त्यात त्या अजून गोधड्या ठेवतात.

आता मागे वळून बघतो तेव्हा वाटतं, त्या माणसांची दानत वाईट नव्हती. नड दिसली की वस्तू न्यायची, ही त्यांची रीत. आजारी माणसाकडे जाताना आपण मोसंबी नेतो, तसंच. मोसंब्यांनी आजार बरा होत नाही हे नेणाऱ्यालाही ठाऊक असतं. पण रिकाम्या हाताने जायचं आणि नुसतं ऐकून घ्यायचं, हे आपल्यालाच कुठे जमतं?

पौष चालू झाला. होळीला दोन महिने उरले, आणि माझ्या फाइलीत एकाही पत्राची पोच नव्हती. कारकुनाला याहून मोठा अपमान नाही. तेव्हा काकूंनी जाहीर केलं की यंदा हळदीकुंकू त्यांच्या घरी, तिसऱ्या माळ्यावर, संध्याकाळी साडेचार वाजता.

नलिनी हबकली. आमच्या चाळीत हळदीकुंकू कधीच सहाच्या आधी होत नाही. पाण्याची वेळ सोडून कोण कोणाकडे जाईल?

"काकू, साडेचारला कोण येणार? सगळ्या नळावर असतील."

"उमेदवार येतीत," काकू शांतपणे म्हणाल्या. "त्यांका खंय पाणी भरूचा आसा?"

वॉर्ड त्या खेपेला स्त्रियांसाठी राखीव होता, त्यामुळे तिन्ही पक्षांच्या उमेदवार बायका. हळदीकुंकवाचं बोलावणं निवडणुकीत कोणी नाकारत नाही. पत्राला उत्तर नाही दिलं तर चालतं, पण कुंकवाला नाही म्हटलं तर गल्लीभर होतं. काकूंनी तिघींनाही स्वतःच्या तोंडाने बोलावलं. गुडघा धरून तिन्ही कार्यालयांत गेल्या. आणि नेमकी वेळ तिघींनाही एकच.

त्या दिवशी तिघी पाच-पाच मिनिटांच्या अंतराने आल्या. नाक्यावरच्या ताई, गल्लीतल्या वहिनी, आणि पुलापलीकडच्या मनीषाताई, ज्या शिकवण्या घेत आणि पहिल्यांदाच उभ्या राहिल्या होत्या. बावन्न पायऱ्या चढून वर आल्यावर समोर दुसरी बघून प्रत्येकीचा चेहरा क्षणभर पडला, पण तिघींनीही तो चटकन सावरला. आमच्या बायकांना हे चांगलं जमतं. काका खुर्चीतून सगळ्यांना हात जोडत होते. मी पुरुष, म्हणून गॅलरीत. मोरीतला नळ उघडा होता आणि फुसफुसत होता. खालून भांड्यांचा आणि भांडणांचा आवाज येत होता.

ताईंनी पदराने घाम टिपला. "काकू, जरा पाणी देता?"

"देतंय हां," काकू म्हणाल्या आणि मोरीतली रिकामी कळशी उचलून दाराकडे निघाल्या. "जरा बसा. खालसून हाडूचा लागता."

यात काही नाटक होतं असं मी शपथेवर सांगणार नाही आणि नव्हतं असंही नाही. माठात सकाळपासून थेंब नव्हता हे मात्र खरं. काकू दोन पायऱ्या उतरल्या, कठड्याला धरून, एक पाय आधी, मग त्याच पायरीवर दुसरा. मनीषाताई उठल्या, मागून गेल्या आणि त्यांच्या हातातून कळशी घेतली. मग बाकीच्या दोघींना बसवेना. वहिनींनी बादली उचलली. ताईंनी इकडेतिकडे बघितलं आणि मोठा तांब्या घेतला.

प्रचाराच्या जरीकाठी साड्या खोचून तीन उमेदवार आमच्या तळमजल्याच्या नळावर पोचल्या. तिथल्या बायकांनी त्यांना बघितलं, ओळखलं, आणि आमच्या चाळीचा मान राखत सांगितलं, "नंबर लावा ताई. मागे."

त्या मागे उभ्या राहिल्या. अर्धा तास. आधी तिघी तीन दिशांना बघत होत्या, मग कोणीतरी कोणाच्यातरी काठाचं कौतुक केलं, मग मुलांच्या परीक्षा निघाल्या. कार्यकर्त्यांनी फोटो काढले, ते काढणारच. दुसऱ्या दिवशी तिन्ही पक्षांच्या ग्रुपवर तोच फोटो फिरला आणि प्रत्येक ग्रुपवर बाकीच्या दोघी कापलेल्या होत्या. पण मी मागोमाग उतरलो होतो आणि बघत होतो ते जिन्यात. दुसऱ्या माळ्याच्या वळणावर मनीषाताईंनी कळशी टेकवली आणि सोबत आलेल्या नलिनीला म्हणाल्या, "माझी आई अशीच पाणी आणताना जिन्यात पडली. मग आम्ही कळव्याला गेलो. पुन्हा कधी आलीच नाही ती इकडे." एवढं बोलून त्यांनी कळशी पुन्हा कमरेवर घेतली.

वर येऊन तिघी पाणी प्यायल्या, स्वतःच आणलेलं. हळदीकुंकू झालं, तिळगूळ झाला. वाण म्हणून काकूंनी प्रत्येकीच्या हातात एकेक खोबऱ्याची वाटी ठेवली. आणि मग मला आत बोलावलं. "अनंता, तुझा ता पत्र हाड."

या खेपेला तीन पत्रं नव्हती, एकाच कागदावर सहीच्या तीन जागा. निवडून कोणीही येवो, मोठी पाइप, पालिकेचं पाणी, तिसऱ्या माळ्यापर्यंत. वहिनींनी पेन घेतलं आणि थांबल्या. "पण पहिली सही कोणाची?"

पुन्हा तेच. सुऱ्या म्हणाला होता तेच.

"वयान मोठी कोण?" काकूंनी विचारलं. मघापर्यंत पहिल्या नंबरासाठी अडलेल्या तिघींपैकी एकही पुढे येईना. मी हसू दाबलं. शेवटी काकूंनीच निकाल दिला. "नळार नंबर होतो तसो करा."

तशाच सह्या झाल्या. माझ्या प्रत माहितीसाठीच्या चुकीने जी गाठ बसली होती, ती अशी नळावर सुटली.

गोष्ट इथे संपती तर मी आनंदाने संपवली असती. नाक्यावरच्या ताई निवडून आल्या, गुलाल उडाला, आणि त्यांचा फोन लागेनासा झाला. फाल्गुन आला. होळीनंतर चौथ्या दिवशी महेश टेम्पो घेऊन आला. सामान फार नव्हतंच. काकांना चार जणांनी खुर्चीसकट उतरवलं. काकू शेवटी उतरल्या, एकेक पायरी, आणि प्रत्येक माळ्यावर थांबून दारं मोजल्यासारखी बघत. मी पिशवी धरून मागे होतो. मला लाज वाटत होती. तीन सह्यांचा कागद माझ्या कपाटात होता आणि बाई घर सोडून चालली होती. महेशने कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, आणि टेम्पो वळला.

त्यानंतर वॉर्ड ऑफिसला आमच्याबरोबर कोण आलं असेल, तर हरलेल्या मनीषाताई. शिकवण्यांच्या मधल्या वेळात येत आणि पाणीखात्याच्या बाकड्यावर आमच्याशेजारी बसत. पद नाही, फोटो नाही. एकदा मी विचारलं, "तुम्ही कशाला येता आता?" म्हणाल्या, "सही केलीय ना काका."

शेवटी एक दिवस ताईंनाच गाठलं आणि तो कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. एकट्या त्यांची सही असती तर कदाचित दिवस ढकलले असते. पण खाली उरलेल्या दोघींच्या सह्या होत्या, त्या दोघी उद्या सभागृहाबाहेर ओरडणार होत्या. त्यांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "चढलेय मी तो जिना. विसरलेली नाही, वेळ झाला नाही इतकंच." मला ते खरं वाटलं. माणूस निवडून आलं की त्याच्या वेळेसाठीही रांग लागते, आणि त्या रांगेत तिसऱ्या माळ्याचा नंबर मागेच असतो.

पावसाच्या तोंडावर, रस्ते खणायची मुदत संपायच्या आत, आमच्या गल्लीत खड्डा पडला. मोठी पाइप आली. तीन बॅनर लागले, तिघांच्याही पाठपुराव्याला यश आलं होतं. मी चिडून नलिनीला म्हटलं की चौथा बॅनर आपण लावू. ती म्हणाली, "मिळू दे की श्रेय. पाणी आधी चढू दे."

एका संध्याकाळी साडेचारला चावीवाल्याने चावी फिरवली. सगळी चाळ अंगणात माना वर करून उभी. पहिला माळा, दुसरा माळा. तिसऱ्यावरची माणसं आपापल्या नळाशी. वरून ओरडा झाला, कळशा भरू लागल्या, आणि थोड्या वेळाने कोणीतरी गॅलरीकडे बोट केलं. काकूंच्या बंद दाराखालून पाणी येत होतं. कुलूप तसंच, कडी तशीच, आणि उंबऱ्याखालून स्वच्छ पाण्याचा ओघळ निघून गॅलरीभर पसरला, कठड्याखालून ठिबकू लागला, मग त्याची धारच झाली. जाताना त्यांनी उंदरांच्या भीतीने मोरीच्या भोकात बोळा कोंबला होता, पण नळ बंद केला नव्हता. तिसऱ्या माळ्याच्या बाईने तो कधी बंद केला होता?

बादलीभर पाण्यासाठी एकमेकींच्या झिंज्या उपटायची तयारी असलेली आमची चाळ ते पाणी वाहून जाताना बघत राहिली. सुऱ्या माझ्या शेजारी होता, डोळे पुसत. मी पुसले नाहीत, कारण माझे हात फोन लावत होते.

"काकू, तुमच्या दारातून पाणी वाहतंय."

"माझ्या दारातसून?"

"हो. तिसऱ्या माळ्यावर. तुमचाच नळ."

"मेल्यांनो, मग बघत काय रवलात? कुलूप फोडा आणि आधी नळ बंद करा. केवढा पाणी फुकट जाता ता."

दुसऱ्या दिवशी चारच्या आत त्या आल्या. महेश मागे गोधड्यांचं पिंप घेऊन. खुर्चीत काका. काकू जिना चढल्या, पदर खोचला, मोरीत गेल्या आणि कळशी नळाखाली सरकवून उभ्या राहिल्या. साडेचारला धार पडली. बारीकच होती, पण पडली. मी दारात होतो. मला राहवलं नाही, म्हणून म्हटलं, "काकू, दोन-अडीच महिने घर सोडून राहिलात, करमलं कसं तुम्हाला?"

त्यांनी मान वळवली नाही. कळशी भरत आली होती.

"घर खंय सोडलंय रे," काकू म्हणाल्या. "पाण्याक गेल्लंय."